चटणी कुणी कुटली?

दुपारची वेळ आहे. कुणी ज्वारी निवडत असेल, कुणी शेंगा फोडत असेल. हातातलं काम थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या.

मी बचत गटांची समन्वयक. आमची बसायची जागा सोलापुरात सात रस्त्याजवळ आहे. ज्यांनी सात रस्ता पाहिला नाही त्यांनी एवढंच समजा, की तिथं कुठल्या बाजूनं रिक्षा येईल ते सांगता येत नाही आणि रस्ता ओलांडताना देवाचं नाव घ्यावं लागतं. तिथं आमच्या गटांच्या बायका दर शनिवारी टेबल मांडतात. शेंगाची चटणी, कडक भाकरी, ज्वारीचं पीठ, पापड, सांडगे. सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत.

एका शनिवारी एक बाई आल्या. शहरातल्या, शिकलेल्या. त्यांनी चटणीचं पाकीट उचललं, उलटं केलं, पर्समधून मोबाइल काढला आणि पाकिटाकडे बघत आकडे दाबायला लागल्या. टेबलावर आमच्या एक काकू होत्या. काकू घाबरल्या. त्यांना वाटलं, ही बाई तपासणीची आली, आता दंड होतो. मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, पाकीट काढून घेऊ का हातातनं?"

त्या बाई कुणी साहेब नव्हत्या. त्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' नावाच्या ॲपवर आमचा नंबर बघत होत्या. हे ॲप सरकारचं आहे, एफएसएसएआय म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचं. पाकिटावर जो १४ आकडी नंबर असतो तो त्यात टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. मालाबद्दल तक्रारही त्यातूनच करता येते. त्यांच्या फोनवर आमच्या गटाचं नाव आलं. त्या म्हणाल्या, "हां, तुमचंच आहे. पण पत्ता दुसराच दाखवतंय."

खरंच दुसरा होता. गटाची काम करायची जागा बदलून वर्ष होत आलं होतं आणि आम्ही नोंदीत बदल केला नव्हता. आमच्याच घरातली गोष्ट आम्हाला गिऱ्हाइकानं दाखवली.

त्या १४ आकड्यांबद्दल आधी सांगते, कारण पुष्कळ जणींना तो नुसता छापायचा नंबर वाटतो. पहिला आकडा २ असेल तर ती नोंदणी, म्हणजे आपल्यासारख्या लहान उत्पादकांची. १ असेल तर परवाना, मोठ्यांचा. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणून आपल्याकडच्या गटांचे नंबर २१५ नं सुरू होतात. आम्ही नोंदणी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना वर्षाची फी १०० रुपये होती. १०० रुपयांत आपलं नाव देशातल्या कुठल्याही फोनवर दिसायला लागतं. पण ते नाव जुनं, पत्ता चुकीचा, मुदत संपलेली, असंही दिसतं. फोन आपली बाजू घेत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या चटणीसाठी एवढी कोण चौकशी करणार? करतात हो. आणि त्यात नवीन काही नाही. आपल्या जिल्ह्यातली द्राक्षं आणि डाळिंबं परदेशात जातात ती अशीच चौकशी होऊन जातात. युरोपात द्राक्षं पाठवायची तर बाग 'ग्रेपनेट'वर नोंदवावी लागते. ही पद्धत अपेडा या सरकारी संस्थेनं २००६ साली सुरू केली. बागेला नंबर, औषधांच्या अंशाची तपासणी, पेटीवर नंबर. तिकडं तक्रार आली तर पेटीवरून मागं मागं येत पंढरपूर किंवा नाशिककडच्या एका बागेपर्यंत पोचता येतं. म्हणजे परदेशातल्या बाईला द्राक्षाचं शेत सापडतं, आणि आपल्या सोलापुरातल्या बाईला ज्वारी कुठल्या गावची ते कळत नाही. मला याचा राग येतो, खरं सांगते.

देवगडच्या आंबेवाल्यांनी मात्र हे देशातल्या गिऱ्हाइकासाठी केलं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी देवगडच्या नावानं भलताच आंबा विकला जायचा. मग देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामात आंब्यावर वेगळ्या नंबरचं स्टिकर लावायला सुरुवात केली. स्टिकरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा, की आंबा कुणाच्या बागेतला, कुठल्या गावचा ते कळतं. त्यासाठी गिऱ्हाइकाला वेगळं ॲपसुद्धा घ्यावं लागत नाही.

आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मानांकन आहे, २०१६ पासून. सोलापूरच्या डाळिंबालाही त्याच वर्षी मिळालं. पण मानांकन मिळालं म्हणजे मंगळवेढ्याचा प्रत्येक जण ते नाव आणि चिन्ह पाकिटावर लावू शकतो असं नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. हे आमच्या गटांना फार उशिरा कळलं. दुकानात मात्र 'मालदांडी' अशी चिठ्ठी कुठल्याही पोत्यावर दिसते. मालदांडी हा खास आपल्या भागातला वाण, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेला.

मंगळवेढ्याकडच्या आमच्या एका गटानं गेल्या रब्बीत एक साधी गोष्ट केली. व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं. तेही फुकटच असतं, फक्त त्यात मालाची यादी, फोटो, भाव टाकता येतात आणि नेहमीची उत्तरं लिहून ठेवता येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी झाली तेव्हा काळ्या रानाचा फोटो टाकला. डिसेंबरात हुरडा. मग थंडीतलं उभं पीक, काढणी, मळणी. रोज नाही, पंधरा दिवसांतून एकदा. गिऱ्हाइकं जेमतेम चाळीस.

पण त्या चाळिसांनी काय काय विचारलं! एकीनं विचारलं, पाऊस नसताना ही ज्वारी वाढते कशी? गटातल्या मावशींनी बोलून निरोप पाठवला, की आमचं रान काळं, भारी, पावसाळ्यातली ओल धरून ठेवतं, वरनं थंडी पडते, त्यावरच येते. मावशींना लिहिता येत नाही, पण बोलता येतं की. दुसरीनं विचारलं, भाकरी थापताना तुटते, तुमच्या ज्वारीत खोट आहे का? मावशी म्हणाल्या, पीठ दळून किती दिवस झाले ते सांग आधी. जुनं पीठ विरी जातं, मग चिकटपणा राहत नाही. थोडं थोडं दळून घे, उकळतं पाणी घालून मळ. त्या बाईनं चार दिवसांनी टम्म फुगलेल्या भाकरीचा फोटो पाठवला. तो फोटो आता गटाच्या सगळ्या मोबाइलवर आहे.

या गिऱ्हाइकांना एक कळलं, की नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. म्हणून त्यांनी जानेवारीतच सांगून ठेवलं, आम्हाला एवढी ठेवा. गटाला पहिल्यांदाच काढणीच्या आधी मागणी कळली. भाव काही फार वाढवून मिळाला नाही. पण काढणी झाली की मिळेल त्या भावाला पोतं घालायची घाई त्यांनी केली नाही. माझ्या मते तोच मोठा फायदा.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी नुसती जाहिरात केली असं होईल.

शेंगाची चटणी करणारा आमचा एक गट आहे. आपल्या सोलापुरी चटणीची खूण सगळ्यांना माहीत आहे. शेंगदाणे भाजून, सालं काढून, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटली की तेल सुटतं, चटणी ओलसर होते, बोटानं दाबली तर गोळा होतो. मिक्सरला ती चव येत नाही. या गटानं पाकिटावर छापलं होतं, 'उखळात हातानं कुटलेली'. पाकिटावर एक क्यूआर कोड होता, म्हणजे तो चौकटीचौकटींचा ठसा. तो मोबाइलनं टिपला की अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लागायचा. दोघी बायका समोरासमोर बसून कांडताहेत, बांगड्या वाजताहेत. फार छान व्हिडिओ. मीच काढला होता.

मागणी वाढली. दहा किलोचे तीस किलो झाले. तीस किलो चटणी दोघींनी उखळात कुटायची म्हणजे खांदे निखळायची वेळ. मग गटानं डंकीवर कुटायला सुरुवात केली. डंकीतही कुटणंच होतं, मिक्सरसारखं वाटणं नाही, त्यामुळे चवीत फार फरक पडत नाही. पण पाकीट तेच राहिलं आणि व्हिडिओही तोच. मला माहीत होतं. मी बोलले नाही. वाटलं, एवढ्यानं काय होतंय.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पुण्याहून एक कुटुंब आलं होतं, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांना हौस, की मुलांना उखळ दाखवायचं. न कळवता गाडी काढून थेट गावात गेले. पत्ता पाकिटावर होताच. तिथं डंकी धडधडत होती आणि उखळ कोपऱ्यात पालथं पडलेलं. ते लोक चांगले, भांडले नाहीत. मुलगी फक्त म्हणाली, "आई, पण व्हिडिओत तर आज्जी होत्या ना?"

त्या रात्री गटाची बैठक झाली. दोघी-तिघी म्हणाल्या, दोन पाकिटं उखळातली करून ठेवू, कुणी आलं तर दाखवायला. मला वाईट वाटलं, पण त्यांना बोलायचा मला काय अधिकार होता? मीही गप्पच बसले होते. शेवटी गटातल्या सगळ्यांत वयस्क आजी म्हणाल्या, "डंकीवर करतो हे सांगायला लाज कसली? माझे खांदे काय जाहिरातीसाठी आहेत?" मग नवीन चिठ्ठी छापली, 'डंकीवर कुटलेली'. नवीन व्हिडिओ काढला, त्यात डंकी आहे, दाणे निवडणाऱ्या बायका आहेत, तोंडाला कापड आणि डोक्याला टोपी आहे. जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवून सांगितलं. काही जणांनी घेणं बंद केलं, हे खरं आहे. पुण्याचं कुटुंब अजून मागवतं. उखळातली हवी असेल त्यांना ती सांगून, जास्त भावानं, महिन्यातून एकदा करून देतो.

याच गटाची अजून एक गोष्ट. एकदा व्हॉट्सॲपवर तक्रार आली, चटणी कडवट लागते. सोबत पाकिटाचा फोटो. त्यावर बॅच नंबर होता, म्हणून कुठल्या दिवशी केलेली ते वहीत लगेच सापडलं. त्या दिवशी पोत्याच्या तळाचे दाणे वापरले होते, ओल लागलेले. शेंगदाण्याला ओल लागली की बुरशी येते, आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. त्या दिवसाची उरलेली सगळी पाकिटं आम्ही परत मागवली आणि टाकून दिली. गिऱ्हाइकांचे नंबर फोनमध्ये होते म्हणून एकेकाला फोन करता आला. बॅच नंबर नसता तर कुठली पाकिटं मागवायची हेच कळलं नसतं. तो नंबर टाकायला कंटाळा करतात ना, त्यांच्यासाठी हे सांगितलं. आणि ज्यांना शेंगदाणा सोसत नाही असेही लोक असतात, काहींना तर थोड्यानंही जिवावर बेततं. म्हणून शेंगदाणा, तीळ, दूध, गहू जे जे असेल ते पाकिटावर स्पष्ट लिहा.

आता एक नाजूक विषय. घरात पुरुषमाणसं ऐकत असतील तर त्यांनीही ऐकावं.

गिऱ्हाइकाला आपली ओळख पटावी म्हणून पाकिटावर नाव, फोटो, मोबाइल नंबर टाका असं आम्ही सांगत होतो. एका तरुण ताईनं स्वतःचा नंबर टाकला. चार दिवसांत रात्री अकरा-अकराला फोन यायला लागले. चटणीसाठी नाही. तिनं आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. मग नवऱ्याच्या हाती फोन लागला, घरात वाद झाला, आणि फोन तिच्याकडून काढून घेतला. गटात येणंही महिनाभर बंद. चूक तिची नव्हती, तशी सूचना देणाऱ्या माझी होती.

तेव्हापासून आमचा नियम आहे. पाकिटावर गटाचा नंबर, कुणा एकीचा नाही. त्यासाठी वेगळं सिम. फोन गटाचा, रिचार्ज गटाच्या पैशातून, तसा ठराव वहीत लिहिलेला. फोन सकाळी अकरा ते पाच चालू, मग बंद, आणि ही वेळ पाकिटावर छापलेली. वाह्यात फोन आला तर नंबर ब्लॉक करायचा आणि बैठकीत सांगायचं. पोलिसांची महिलांसाठीची १०९१ ही मदत सेवा आहे, ११२ आहे, तेही लिहून ठेवा. फोटो टाकायचा तर त्या बाईला विचारून, आणि ती नको म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. गिऱ्हाइकाला आपल्या हाताचं काम कळावं, आपल्या घराचं दार कळायला नको.

विक्रीच्या ॲपबद्दलही पुष्कळ जणी विचारतात. उमेद अभियानाचं 'उमेदमार्ट' आहे. केंद्र सरकारचं 'ई-सरस' आहे, त्याचं मोबाइल ॲप २०२३ साली आलं. या दोन्हींवर बचत गटांचाच माल असतो. मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला ज्या जाऊन आल्या त्यांना माहीत आहे, तिथं गिऱ्हाईक खूश होऊन घेतं आणि पुढच्या वर्षापर्यंत आपल्याला सापडत नाही. अशा वेळी हे ॲप आणि पाकिटावरचा कोड उपयोगी पडतो. खासगी कंपन्यांची ॲप वेगळी. काहींवर आपला माल त्यांच्या पाकिटात जातो, नाव त्यांचं आणि कुटणारी कोण ते कुठंच नाही. पैसे वेळेवर मिळत असतील तर त्यांनाही माल द्या, मी नको म्हणणार नाही. पण सगळा माल त्यांना घालू नका. दहा-वीस गिऱ्हाइकं तरी अशी ठेवा ज्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे.

व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो, बारकोड ८९० नं सुरू झाला म्हणजे माल भारतात बनलेला. तसं नाही. ८९० म्हणजे तो नंबर भारतातल्या जीएस१ संस्थेकडून घेतलेला आहे, एवढंच. माल कुठं बनला ते पत्त्यावरच वाचायचं. आणि 'सेंद्रिय' हा शब्द. शेणखत घातलं म्हणजे पाकिटावर सेंद्रिय छापून दुकानात ठेवता येत नाही, त्याला प्रमाणपत्र लागतं. 'जैविक भारत'चं चिन्ह तर त्याशिवाय लावताच येत नाही. त्यापेक्षा जे केलंय तेच लिहा. शेणखत घातलं, कुठली फवारणी केली, कुठली नाही. फवारणी केली असेल तरी लिहा. तुमच्या तोंडून कळलेलं गिऱ्हाईक समजून घेतं, पुण्याच्या त्या मुलीसारखं अचानक दिसलेलं समजून घेणं त्याला जड जातं.

पुढच्या शनिवारी सात रस्त्याला येणार असाल तर आपल्या मालाचं एक पाकीट आणि नोंदणीचा कागद घेऊन या. आपण आपलाच १४ आकडी नंबर ॲपमध्ये टाकून बघू. नाव, पत्ता, मुदत. चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज तिथंच भरू. मोबाइल नसला तरी या, टेबलावरच्या काकू आहेत. मघाशी सांगितलं ना, पाकीट काढून घेऊ का विचारणाऱ्या, त्याच. त्यांना आता चष्मा लावून आकडे टाकता येतात. एक-दोन चुकतात, मग पुन्हा टाकतात. थोडा वेळ काढून या.